महालक्ष्म्यांत झालं ते दिवाळीत नको

पत्र: ताई, लग्नाला सात वर्षं झाली. मी 34, नवरा 38, दोघं पुण्यात नोकरीला. सासर परभणीकडचं, माहेर साताऱ्याचं. तिथे आई आणि भाऊ, त्याचं लग्न व्हायचंय. दोन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) आणि एक आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब) फसलं. दोन एम्ब्रियो, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेले गर्भ, गोठवून ठेवलेत. अडचण नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये आहे, शुक्राणूंचा काउंट फार कमी. पण घरी कुणाला माहीत नाही, तो 'सांगू नको' म्हणाला. महालक्ष्म्यांना गावी गेलो होतो. पिलवंडांना, म्हणजे महालक्ष्म्यांच्या बाळांना, झबली-टोपडी घालायला घेतली, तर मोठ्या जाऊबाईंनी 'राहू दे गं, मी घालते' म्हणून हातातून काढून घेतली. नंतर मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत बसले ती विसर्जनापर्यंत बाहेर आलेच नाही. आता धाकट्या जावेचं डोहाळजेवण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवलंय. तिची बातमी कळली तेव्हा मला आनंद झाला नाही, याची लाज वाटते. डॉक्टर म्हणतात ट्रान्स्फर (एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं) पुढच्या पाळीनंतर करू, म्हणजे ऐन दिवाळीत. सासूबाई म्हणतात टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही, दिवाळीनंतर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून घ्या. गावी जाऊ की नको? लोकांना काय सांगू? — मधली सून

उत्तर:

तुझ्या पत्रात जाऊबाई आहेत, सासूबाई आहेत, डॉक्टर आहेत. नवरा मात्र एकाच वाक्यापुरता येतो, 'सांगू नको' म्हणायला. झबली तुझ्या हातातून गेली तेव्हा तो कुठे होता, हे तू लिहिलं नाहीस. असेल ओसरीवर लाइटच्या माळा लावत. तो वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं नाही, पत्रावरून तसा वाटतही नाही. पण तू विचारलेले बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या त्या दोन शब्दांपाशी येऊन अडकतात, म्हणून आधी तिथूनच सुरू करते.

काउंट त्याचा कमी आणि इंजेक्शनं तुझ्या पोटात, असा हा प्रकार आहे. काउंट फार कमी असेल तर इक्सी करतात, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. 1992 मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी हे तंत्र यशस्वी करून दाखवलं, आणि तोवर ज्यांना 'काही होणार नाही' असं सांगून परत पाठवलं जायचं अशा कित्येक पुरुषांना मुलं झाली. पण त्यासाठी बीजं हवीत, आणि ती बायकोकडूनच मिळवावी लागतात. दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शनं, एक दिवसाआड सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढणं. हे सगळं तू केलंस. बघणाऱ्याला दिसतं काय, तर दवाखान्याच्या खेपा ही घालते, सुट्ट्या ही टाकते, पोट हिचं फुगतं. मग अडचण हिचीच असणार. कुणी मुद्दाम तुझ्यावर ठपका ठेवलेला नाही. समोर जे दिसलं त्यावरून त्यांनी हिशेब मांडला, आणि तो चुकलाय हे सांगणारा एकटा माणूस गप्प बसलाय.

सासूबाईंना माहितीच अर्धी आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाबरोबर. हे त्यांना कुणी सांगितलंय? त्यांच्या काळात बाईची तपासणी व्हायची, पुरुषाच्या तपासणीचं नावही कुणी काढायचं नाही. आणि मोठ्या जाऊबाई ज्या पद्धतीत वाढल्या, त्यात लेकुरवाळीच्या हाताला मान असतो. त्यांनी केलं ते चूकच. पण ते त्यांच्या मनातून उगवलं की सासूबाईंनी डोळ्याने खुणावलं, याचा शोध घेत बसू नकोस, रात्रीची झोप जाईल आणि हाती काही लागणार नाही.

तर पहिलं काम दिवाळीच्या आत, पुण्यात, तुमच्या दोघांच्या घरात. त्याला सांग की मला तुझा रिपोर्ट गावभर करायचा नाही. तो रिपोर्ट त्याचा आहे, त्यातला आकडा कुणाला सांगायचा हे त्यानेच ठरवायचं. रागाच्या भरात पंगतीत तोंडातून निघून गेलं तर तुलाच नंतर जास्त बोचेल. पण तुझ्या नावावर जे खपतंय ते थांबवणं हे त्याचंच काम. त्याने आईशी एकट्याने बोलावं, फोनवर नको, समोर बसून, आणि तू तिथे नसताना. धाडस झालं तर सरळ म्हणावं, 'आई, तपासण्या दोघांच्या झाल्यात. अडचण माझ्याकडची आहे, उपचार चालू आहेत.' तेवढं जमत नसेल तर, 'अडचण आम्हा दोघांची आहे. डॉक्टर बघतायत. तिला यापुढे कुणी काही विचारायचं नाही, विचारायचं ते मला विचारा.' यात खोटं काही नाही आणि त्याची झाकली मूठही राहते. हे दुसरं वाक्यसुद्धा त्याला जड जाणार असेल, तर मग तुझी दिवाळी पुण्यातच होऊ दे, आणि का, ते त्याला स्पष्ट सांग.

एक अपवाद लिहून ठेवते. घरात कधी 'दुसरं लग्न' किंवा 'हिलाच होत नाही' असं उघड बोलणं निघालं आणि तो तरीही खाली मान घालून बसला, तर त्या दिवसापासून गुपित पाळायचं बंधन तुझ्यावर नाही. हे त्यालाही आधीच माहीत असू दे.

त्याच्याही बाजूने दोन शब्द. आपल्याकडे काउंट आणि मर्दानगी यांची गाठ इतकी घट्ट मारून ठेवलीय की शिकलासवरलेला माणूसही रिपोर्ट हातात आल्यावर गार पडतो. मित्रांच्यात 'काय रे, जमत नाही का' या विनोदावर त्याला हसावं लागतं. त्याची तपासणी नीट झालीय का, तेही विचार. एका रिपोर्टवर थांबले असाल तर पुन्हा करा, आकडे खालीवर होतात. व्हेरिकोसील (अंडकोषातल्या शिरा फुगणं) आहे का, हार्मोन बघितले का, तंबाखू-गुटखा, जिममधली इंजेक्शनं असलं काही आहे का, हे पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणाऱ्या डॉक्टरांना विचारायला हवं. शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-बहात्तर दिवस लागतात, म्हणून आज सोडलेल्या तंबाखूचा फरक तीन महिन्यांनी दिसतो. तुमचे एम्ब्रियो तयार आहेत, त्यामुळे आत्ता याची घाई नाही, पण पुढे लागलं तर उपयोगी पडेल. शिवाय त्यालाही काहीतरी करायला मिळेल. नुसतं तुझ्या इंजेक्शनांकडे बघत बसण्यापेक्षा बरं.

आता गावी जायचं का. त्याने आईशी बोलणं केलं तर जा, पण सगळी दिवाळी नको. वसुबारसेला तिथे असायचं काहीच कारण नाही. गाय-वासराची पूजा, लेकुरवाळ्या बायकांचा उपास, मुलांसाठी मागणं, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी. सण सुंदर आहे, पण या वर्षी तुझ्यासाठी तो कोपऱ्यात उभं राहण्याचा दिवस होईल. ऑफिसला सुट्टी नाही म्हण. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोचा. अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन करा, पाडव्याला नवऱ्याला ओवाळ, आणि भाऊबीजेच्या पहाटे साताऱ्याला नीघ. सासुरवाशिणीने भाऊबीजेला माहेरी जायचं म्हटल्यावर परभणीत काय, कुठेच कुणी भुवई उंचावणार नाही. आपल्या सणांनी बाईला दिलेली ही एक पळवाट आहे, ती वापर. साताऱ्यात चार दिवस आईकडे राहा. डोहाळजेवण तोवर होऊन जाईल.

पण नुसतं गायब होऊ नकोस. धाकटीला धनत्रयोदशीच्या आधी फोन कर, पाचच मिनिटं. 'तुझं सगळं छान होऊ दे, मला मनापासून वाटतं. पण त्या दिवशी मला तिथे उभं राहवणार नाही, म्हणून मी माहेरी जाणार आहे. तुझ्यावर राग नाही.' एवढं पुरे. माझा अनुभव असा आहे की समोरची बाई बहुतेकदा सुटकेचा श्वास टाकते. तीही महालक्ष्म्यांत तुझ्यासमोर पोटावर पदर ओढून वावरली असेल, बातमी तुला कशी कळेल या विचाराने तिलाही घोर लागला असेल. तिच्यासाठी साडी घेतली असशील तर पाडव्याच्या संध्याकाळी ती एकटी असताना दे. पाच सुवासिनींच्या रांगेत आपलं नाव येतं की वगळलं जातं, ही परीक्षा द्यायलाच नको.

आणि आनंद झाला नाही याची लाज कशाला? तिचं वाईट व्हावं असं तुझ्या मनात आलं नाही, नुसतं स्वतःच्या आत काहीतरी तुटलं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, तिच्यासाठी बरं वाटणं आणि स्वतःसाठी रडू येणं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोनोग्राफीचे फोटो यायला लागले की ग्रुप म्यूट कर, बाहेर पडू नकोस. बाहेर पडलं की त्याचीच चर्चा होते.

लोकांना काय सांगायचं, तर माणूस बघून. दूरच्या मावशी-आत्या 'काय गं, पेढे कधी' म्हणाल्या तर हसून, 'झालं की पहिला पेढा तुम्हालाच. बरं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का तुमच्या?' म्हातारपणी स्वतःच्या गुडघ्याइतका गोड विषय दुसरा नाही, पुढची वीस मिनिटं तुला बोलावं लागणार नाही. खोदून विचारणारी असेल, 'कुठले डॉक्टर, दोष कुणात आहे, किती खर्च झाला' असली, तर हसू आवरून, 'त्याच्यावर मला बोलायचं नाही.' एवढंच, पुढे कारण देऊ नकोस. कारण दिलं की त्याला उपाय निघतो, आणि उपायाबरोबर पपई न खाण्याची यादी येते. सासरे किंवा कुणी वडीलधारे 'टेस्ट ट्यूब वगैरे आपल्यात करत नाहीत' म्हणाले, तर मुंबईच्या केईएममध्ये 6 ऑगस्ट 1986 ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूबने जन्मलेल्या मुलीची आठवण करून दे. पेपरात तेव्हा त्यांनीच वाचलं असेल. ती मुलगी आज चाळिशीच्या घरातली बाई आहे, स्वतः आई झालेली.

झबल्यांचं काय करायचं? आत्ता काही नाही. दिवाळीच्या गडबडीत जुनं उकरलं तर सगळे तुलाच हळवी ठरवतील. पण पुढच्या वर्षी महालक्ष्म्या यायच्या महिनाभर आधी तुझ्या नवऱ्याने फोन करावा, 'वहिनी, यंदा पिलवंडांची झबली-टोपडी ही शिवून आणणार आहे, घालणारही हीच.' दिराचं बोलणं वहिनी ऐकतात. आणि पुऱ्या तळायला त्याने बसावं, चांगल्या फुगल्या नाहीत तरी चालेल.

सासूबाईंच्या टेन्शनच्या बोलण्याबद्दल तुझ्या मनात कुठेतरी पाल चुकचुकलीय, ते पत्रात जाणवतं. ती काढून टाक. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, साडेतीन हजारांवर स्त्रियांचा. उपचाराआधी ज्यांच्या मनावर ताण होता आणि ज्यांच्या नव्हता, त्यांच्या गर्भ राहण्यात फरक दिसला नाही. तू डोहाळजेवणाच्या विचाराने रडलीस म्हणून एम्ब्रियो रुजला नाही, असं झालेलं नाही. ट्रान्स्फरनंतर पंधरा दिवस पलंगावर पडून राहायला हवं, हेही तसंच. त्याने यश वाढतं असं संशोधनात दिसलेलं नाही. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारीच्या डोक्यात 'माझंच काहीतरी चुकलं' एवढंच उरतं.

नारायण नागबलीचं मी तुझ्या श्रद्धेवर सोडते. करायची इच्छा असेल तर कर, नसेल तर नवऱ्याने नाही म्हणावं, तू नाही. एवढंच बघ की ती पूजा तीन दिवसांची असते, त्र्यंबकला मुक्काम पडतो. औषधाची वेळ, ट्रान्स्फरची तारीख यांच्या आड ती येता कामा नये. मात्र गावाकडून कुणी पुडी, काढा, 'हमखास' औषध आणून दिलं तर तोंडात घालू नकोस. त्यात काय आहे कुणाला ठाऊक नसतं, आणि तुझ्या हार्मोनच्या गोळ्या चालू असणार. आणि कुणी बाबा 'मूल देतो' म्हणून तुला एकटीला बोलवायला लागला तर दारातूनच माघारी फिर. अशा भोंदूंसाठीच महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना, किंवा 'कशाला जगायचं' असे विचार यायला लागले, तर सण संपायची वाट बघू नकोस. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक असेल तर दोघं मिळून एकदा बसा.

राहता राहिली ट्रान्स्फर. गोठवलेले एम्ब्रियो उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतात. महिनाभराने त्यांचं काही बिघडत नाही, कायद्याने तर दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. तुझं वय पुढे सरकलं तरी ते ज्या वयात गोठवले त्याच वयाचे राहतात. ट्रान्स्फरनंतर दहा ते चौदा दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी असते, गर्भ राहिला की नाही ते त्यात कळतं. ऐन दिवाळीत ट्रान्स्फर केलं, तर ते दहा-चौदा दिवस तू पाहुण्यांच्यात काढणार, आणि गोळ्यांच्या वेळा पाळायला फराळाच्या ताटावरून उठून आतल्या खोलीत जाणार. प्रत्येक उठण्याकडे चार डोळे लागतील. निकाल काय येतो तो येईल, पण तो कळण्याची जागा तुझं पुण्यातलं घर असावं, सासरची माजघर-ओसरी नको. म्हणून डॉक्टरांना विचार की एक पाळी सोडून, दिवाळीनंतरच्या महिन्यात केलं तर चालेल का. गोठवलेल्या एम्ब्रियोंच्या बाबतीत बहुतेक वेळा चालतं. तुझ्या केसमध्ये घाई करण्यासारखं काही असेल तर ते सांगतील, मग गावची दिवाळी या वर्षी रद्द, त्यात दुसरा विचार नाही.

तेव्हा परभणीची तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना हा फोन होऊ दे, आणि तो तू करू नकोस, नवऱ्याला करायला लाव. मग आईशी त्याचं काय बोलणं झालं ते मला कळवा. पुढचं पत्र त्याने लिहिलं तरी चालेल.